रंग सांगण्याची चाचणी आणि खुले झालेले प्रयोग

'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापला आहे असे समजा. शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते ना? हीच स्ट्रूप चाचणी. ती मोबाईलवर करून "डॉक्टर, मला वेळ लागला, मेंदूत काही बिघाड नाही ना?" असे पेशंट विचारतात. म्हणून तिचा इतिहास सांगतो.

अमेरिकेतील जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले. भलत्याच रंगात छापलेल्या १०० शब्दांचे रंग सांगायला ११०. वाचनाची सवय इतकी मुरलेली असते, की ती आड येतेच. साहित्य काय, तर छापील कागद आणि घड्याळ! त्यामुळे जगभर हा प्रयोग पुन्हा पुन्हा झाला आणि खरा ठरला.

पुढे प्रयोग संगणकावर गेले. शोधनिबंधात पद्धत थोडक्यात छापली जाई, मूळ प्रोग्राम मात्र प्रयोगशाळेतच राही. मग इतरांनी ताडून पाहायचे कसे? २०१५ साली मानसशास्त्रातील १०० अभ्यासांच्या फेरतपासणीचे निकाल आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के यशस्वी होते. फेरतपासणीत ३६ टक्केच तसे ठरले. लहान नमुने, सोयीचेच निकाल छापणे अशी कारणे अनेक होती. पण प्रयोग झाकलेला असेल तर चूक सापडणेही कठीण.

यावरचा एक उपाय म्हणजे अख्खा प्रयोगच वाटून टाकणे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात जोनाथन पीअर्स यांनी २००२ साली सुरू केलेले 'सायकोपाय' हे सॉफ्टवेअर मोफत आणि खुले आहे. त्यात बनवलेला प्रयोग इंटरनेटवर ठेवता येतो. शिक्षक तो वर्गात करून घेतात, संशोधक त्याची प्रत घेऊन तपासतात. शब्द बदलले की मराठीतही करता येतो.

आता पेशंटच्या प्रश्नाचे उत्तर. स्ट्रूप यांच्या विद्यार्थ्यांनाही वेळ लागलाच होता! वय, शिक्षण, भाषा, मोबाईल या सगळ्यांनी गुण बदलतात. असे खुले प्रयोग शिकण्यासाठी असतात, निदानासाठी नव्हे. मात्र ओळखीचा रस्ता चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे असे होऊ लागले, तर चाचणीत कितीही गुण मिळोत, डॉक्टरांना जरूर भेटा.