सेकंदाला पंचवीस चित्रे

स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधायला बसलो तेव्हा कळले, की वास्तुपूजनाचा अल्बम २६ जुलै २००५ च्या पाण्यात गेला. उरली एक व्हीएचएस कॅसेट. आपले पहिले सेक्रेटरी त्यातच काय ते दिसतात; सोसायटीकडे त्यांचा दुसरा फोटो नाही.

१८७८ साली मायब्रिजने धावत्या घोड्याचे सुटे फोटो काढून त्याची चाल दाखवली. आम्ही निघालो उलटे, चालीतून फोटो काढायला! कॅसेट संगणकावर उतरवली, व्हीएलसीत चित्र थांबवले, तर सेक्रेटरींच्या हाताला कंगव्यासारखे दाते. कारण आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते (बँकवाल्याला दुसरा शब्द कुठला सुचणार?). आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. मध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, तेवढ्यात माणूस हलतो. नातवाने ‘डीइंटरलेस’ केले, दाते गेले. व्हीएचएसची स्पष्टता मुळातच बेताची, त्यामुळे फोटो मोठा करायचा मोह टाळला.

सेक्रेटरी दिसतात जेमतेम चार सेकंद, म्हणजे शंभर चित्रे. ‘ई’ दाबत एकेक पाहिले. कुठे डोळे मिटलेले, कुठे भटजी आडवे. एकात मात्र ते चक्क हसताहेत. वहिनींना दाखवले. बराच वेळ बघून म्हणाल्या, “हो, हे असेच हसायचे.”

तोच फोटो शेजारी छापला आहे. जरा धूसर आहे.