घरपट्टीची तारीख

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. महाराष्ट्रातील अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. त्या काळी नगरपालिका १८५० च्या २६ व्या कायद्यान्वये स्थापन होत. त्यात एक अट लक्षणीय होती: रहिवाशांची इच्छा असेल तरच तो कायदा गावास लागू व्हावयाचा. ही इच्छा प्रत्यक्षात चार प्रतिष्ठितांचीच असे, हे उघड आहे. तरीही कर बसविण्यापूर्वी लोकांना विचारावे, हे तत्त्व परक्या सरकारच्या कागदावर उतरले होते.

कर कोण भरतो आणि त्याचे फळ कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले की, तिजोरी रयतेच्या कष्टांनी भरते, शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांकडे जातो. ‘शेतकऱ्याचा असूड’ आपण वर्गात भाषेसाठी शिकवतो. त्यातील करविचार बहुधा परीक्षेपुरताही उरत नाही.

पनवेल परिसरात हा प्रश्न वेगळ्या रूपात परतला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर उरण तालुक्यात गोळीबार झाला. पाच जणांचा बळी गेला.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी जुने पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली यांसारख्या सिडको वसाहती आणि २९ गावे मिळून महापालिका झाली. वसाहतींत मालमत्ता कराची देयके पोहोचली २०२१ साली. आकारणी मात्र स्थापनेच्या दिवसापासूनची. मधल्या काळात रहिवासी सिडकोला सेवाशुल्क देतच होते. दुहेरी कराची तक्रार मुंबई उच्च न्यायालयात गेली.

महापालिकेची बाजू अगदीच पोकळ नाही. जकात गेल्यानंतर मालमत्ता कराएवढा हक्काचा आधार नव्या महापालिकेला दुसरा कोणता? शिवाय जुन्या पनवेलचा घरमालक पिढ्यान्‌पिढ्या घरपट्टी भरत आला आहे. शेजाऱ्याची सूट त्याला का रुचावी? तथापि ज्या सेवांचे शुल्क सिडकोने घेतले, त्याच सेवांसाठी त्याच वर्षांची पट्टी मागणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. पुढील वर्षांची गोष्ट निराळी. ती भरलीच पाहिजे. गावठाणातील मूळ रहिवाशाने तर शहराच्या वाढीसाठी आपली जमीनच दिली आहे. त्याच्या घराची पट्टी ठरवताना ती जमीनही हिशेबात धरावी, असे आमचे मत आहे.