स्कोअर वारलीत कधी?

जानेवारी १९७५. घोलवडच्या एका चिकूवाडीत तुम्ही उभे आहात. समुद्र इथून दिसत नाही, पण खारा वारा अंगाला लागतो. काठीच्या टोकाला जाळी बांधून वारली बाया उंचावरचे चिकू उतरवताहेत, खाली अंथरलेल्या पोत्यांवर फळांची निवड चालली आहे. एका बुटक्या फांदीला चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर लटकतोय. मुंबईत नव्याकोऱ्या वानखेडे स्टेडियमवर पहिलीच कसोटी सुरू आहे, समोर क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडीज, आणि आकाशवाणीवर मराठी समालोचन.

एकनाथ सोलकर शतकाच्या उंबरठ्यावर आहे. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा हा मुलगा, त्याच मैदानावरच्या झोपडीत वाढलेला. मुकादमाचा हात टोपलीतच थांबतो. शतक होतं. घराच्या ओट्यावरून इराणी शेठ ओरडून विचारतात, "केटला थया?" मुकादम गुजरातीत उत्तर देतो. लगेच बायांकडे वळून तेच वारलीत सांगतो. माल न्यायला आलेला ट्रकवाला विचारतो, त्याला हिंदीत. सोलकरचं शतक एक वाडी ओलांडेपर्यंत चार भाषांतून जातं, आणि उरलेल्या तिन्ही भाषा एकच माणूस पुरवतो.

डहाणू-तलासरीचा मुलूखच असा आहे. डोंगराकडे वारली, मल्हार कोळी, कोकणा, धोडिया. किनाऱ्याला मांगेले आणि वाडवळ. वाड्यांमधून इराणी, बाजारात गुजराती. तलासरी सोडून हायवेने थोडं पुढे गेलात की गुजरातच लागतो. इथल्या माणसाला दोन-तीन भाषा येतात याचं कुणाला अप्रूप नाही. खेळाची बातमी मात्र त्याला नेहमी दुसऱ्याच्या भाषेतून घ्यावी लागली.

मराठीपुरतं पाहिलं तर रेडिओने मोठं काम केलं. बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. मैदानावर उभं राहिलेल्या माणसाच्या नजरेने ते मराठीत सामना सांगत. तिकडे वि. वि. करमरकर महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाच्या पानाला वजन मिळवून देत होते. क्रिकेट मराठीत नीट सांगता येतं, हे या माणसांनी रोजच्या कामातून दाखवून दिलं.

आता आठ वर्षं पुढे या. २५ जून १९८३ची रात्र. डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका घरात बाहेर पाऊस, आत दाटीवाटीने बसलेली माणसं आणि कोपऱ्यात लाकडी पेटीतला टीव्ही. चित्रात पावसाचे ठिपके जास्त की टीव्हीचे, हे तुम्हाला कळेनासं होतं. लॉर्ड्सवर भारत १८३मध्ये आटोपलाय आणि व्हिव्ह रिचर्ड्स गोलंदाजांना झोडपून काढतोय. मदनलालचा चेंडू तो उंच टोलवतो, कपिल पाठमोरा धावत जाऊन झेल घेतो. घर उसळतं. इतकं सगळ्यांना डोळ्यांनी कळतं.

पण समालोचन इंग्रजीत आहे. पुढच्या रांगेत इंग्रजी जाणणारा एक कॉलेजकुमार बसलाय, तो मागे वळून मराठीत सांगतो. ते ऐकून मधला कुणीतरी गुजरातीत सांगतो. दाराशी उभा असलेला, दिवसभर वाडीत राबून आलेला वारली पोरगा शेवटी ऐकतो, तेही अर्धंमुर्धं. काय घडलं ते त्यानेही सगळ्यांबरोबर पाहिलंय. मोहिंदर अमरनाथचा संथ वाटणारा चेंडू खेळायला अवघड का जातोय, ते मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. समालोचनाचं मोल माझ्या लेखी इथेच आहे: चित्र काय झालं ते दाखवतं, का झालं ते समालोचक सांगतो. भारत ४३ धावांनी जिंकतो आणि तो पोरगा सगळ्यांबरोबर पावसात नाचतो. त्याचा आनंद उणा नाही, पण खेळाची त्याची समज उणी राहिली आहे. त्यात त्याचा काही दोष नाही.

त्याच दशकात घरोघरी एक युक्ती निघाली होती. टीव्हीचा आवाज बंद करायचा, शेजारी रेडिओ लावायचा आणि चित्र दूरदर्शनचं, आवाज आपल्याला कळेल त्या भाषेतला, असा सामना पाहायचा. ही युक्ती लक्षात ठेवून तुम्ही युरोपात चला.

५ फेब्रुवारी १९८९. युरोस्पोर्ट ही वाहिनी आज सुरू होते आहे. युरोपातल्या सार्वजनिक प्रसारकांच्या संघाकडे खेळांचे हक्क ढीगभर पडून होते. प्रत्येक देशाच्या वाहिनीवर ते सगळं दाखवायला वेळ नव्हता. रूपर्ट मरडॉकच्या स्कायला सोबत घेऊन त्यांनी उपग्रहावरून एकच चित्र साऱ्या खंडाला द्यायचं ठरवलं. अडचण भाषेची होती. तुम्ही समालोचकांच्या खोल्यांमधून फिरता. काचेआड एकेक माणूस, कानाला हेडफोन, समोर पडदा. मैदान शेकडो मैल दूर आहे. सगळ्यांसमोर सायकलस्वारांचा तोच घोळका, मात्र पहिला इंग्रजीत बोलतोय, दुसरा जर्मनमध्ये, तिसरा डचमध्ये. उपग्रहाच्या त्याच लहरीवर चित्राच्या जोडीने हे आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर चढतात आणि प्रेक्षक घरी बटण दाबून आपला आवाज निवडतो. आपल्याकडे घरोघरी टीव्ही आणि रेडिओ शेजारी ठेवून जे चाललं होतं, ते इथे एकाच यंत्रात बसवलं आहे.

त्या तीन भाषांतली डच जरा पुन्हा पाहा. जर्मनच्या मानाने डच बोलणारे फारच थोडे, तरी पहिल्या दिवसापासून तिला जागा मिळाली. सार्वजनिक प्रसारकांनी घातलेल्या पायाचा गुण मला त्यात दिसतो. वाट सोपी नव्हती. स्क्रीनस्पोर्ट या प्रतिस्पर्धी वाहिनीच्या तक्रारीवर युरोपीय आयोगाने हा करार स्पर्धेला मारक ठरवला आणि मे १९९१मध्ये युरोस्पोर्ट बंद पडली. फ्रान्सच्या टीएफ१ने ती उचलून धरली, त्याच महिन्यात पुन्हा सुरू केली, आणि १९९३मध्ये स्क्रीनस्पोर्टच तिच्यात विलीन झाली. पुढे भाषांची संख्या वीसच्या आसपास गेली.

आपल्याकडे त्याच सुमारास भांडण वेगळंच होतं. १९९३च्या हिरो कपचं चित्र कुणी दाखवायचं यावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना कोर्टात गेले. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही. खासगी वाहिन्यांना दार उघडलं. डहाणूच्या गल्ल्यांतून केबल फिरली, पण आवाज आला तो इंग्रजी, आणि मग हिंदी.

जुलै २०१४. प्रो कबड्डीचा पहिला सामना २६ तारखेला मुंबईत वरळीला होतो आणि त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, डहाणू-तलासरीचा नवा पालघर जिल्हा जन्माला येतो. तलासरीच्या पाड्यावर अंगणात पोरं जो खेळ खेळतात, तो पहिल्यांदाच एवढ्या झगमगाटात पडद्यावर दिसतो. समालोचन हिंदी आणि इंग्रजी. अंगणात बोलली जाते त्या भाषेतला एक शब्दही त्यात नाही.

शेवटचा मुक्काम, एप्रिल २०२३. तलासरीत हायवेलगतच्या चहाच्या टपरीवर तुम्ही बसला आहात. संध्याकाळची पाळी सुटून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांतली माणसं परतताहेत. टेबलावर तीन फोन, तिन्हींवर जिओसिनेमा आणि आयपीएलचा एकच सामना. या हंगामात बारा भाषांत समालोचन आहे. एक फोन गुजराती बोलतोय, एक मराठी, आणि बिहारहून आलेल्या फिटरचा भोजपुरी. नेटचा वेग निरनिराळा, म्हणून एकाच्या फोनवर चौकार आधी जातो, तो ओरडतो, आणि बाकीचे दोघं अजून गोलंदाजाला धावत येताना पाहताहेत. मराठीच्या चमूत केदार जाधव आहे. मे महिन्यात रॉयल चॅलेंजर्स बंगळूरु त्याला जायबंदी डेव्हिड विलीच्या जागी बोलावून घेते आणि समालोचनाच्या खुर्चीतून उठून तो थेट संघात दाखल होतो.

चहा देणारा पोरगा वारली आहे. तो मराठी फोनच्या मागे उभा राहतो. मराठी त्याला येते, शाळेत शिकलाय. पण टपरीमागे आपल्या मित्राला तो सामना सांगतो तेव्हा वारलीतच सांगतो, आणि फार चांगला सांगतो. गोलंदाजाने मनगट कसं वळवलं ते हाताने दाखवतो, थांबतो, श्वास धरायला लावतो, मग विकेट सांगतो. भाताची कापणी झाली की या तालुक्यांत क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा लागतात. तिथे भोंग्यावर सामना सांगणारे बहुधा याच वयाचे असतात. माणसं शोधायला लांब जायची गरज नाही.

भोजपुरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे भाषांच्या अधिकृत यादीत, नाही. पुढच्याच वर्षी आयपीएलमध्ये आलेली हरियाणवीही नाही. वारलीही नाही. म्हणजे अडतंय ते अनुसूचीवर नाही. भोजपुरीमागे कोट्यवधी प्रेक्षक आहेत, वारलीमागे नाहीत, हा बाजाराचा हिशेब मला कळतो. म्हणूनच हे काम बाजाराकडे मागू नये. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र प्रसार भारतीला, म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शनला, मिळतंच. वारली समालोचनाला लागतं ते एवढंच: एक शांत खोली, एक पडदा, एक माइक आणि खेळ कळणारी दोन वारली माणसं. आकाशवाणी आणि दूरदर्शनने सुरुवात कबड्डीच्या एका सामन्यापासून करावी. आणि डहाणू-तलासरीच्या वाचकांनो, या हिवाळ्यात तुमच्या गावची स्पर्धा भरेल तेव्हा भोंग्यावरचं समालोचन वारलीत ठेवा, ते रेकॉर्ड करा आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्राला पाठवा.