चाहूल आणि दप्तर

मराठीत कानोसा घेतला जातो आणि चाहूल लागते. कानोसा माणूस स्वतः घेतो; चाहूल त्याच्या इच्छेची वाट पाहत नाही. ‘मला चाहूल लागली’ या वाक्यातला ‘मला’ व्याकरणाच्या दृष्टीने अनुभव सोसणारा आहे, काही करणारा नव्हे. प्रयोगांची चर्चा करताना आम्ही हा फरक वर्षानुवर्षे फळ्यावर मांडत आलो. त्याचा इतिहासलेखनाशी काही संबंध पोहोचत असेल, अशी शंका मात्र पहिल्यांदा आली ती सिद्धगडाच्या वाटेवर.

मुरबाड तालुक्यातील सिद्धगड हा भीमाशंकरच्या डोंगररांगेतला दुर्ग. विद्यार्थ्यांचा लहानसा गट घेऊन आम्ही दोघे-तिघे अध्यापक तेथे निघालो होतो. वाट दाखवायला जवळच्या वाडीतले एक वयस्क ठाकर बाबा बरोबर होते. एका ओढ्याच्या वळणावर ते थबकले. क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “इकडनं नको मास्तर, वरनं जाऊ.” का, असे विचारल्यावर उत्तर आले, “बरं वाटत नाय.” यापलीकडे त्यांना काही सांगता आले नाही, कदाचित सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेही नसावे. आम्ही चढ चढून लांबच्या वाटेने गेलो. त्या वळणावर काय होते, काही होते की नव्हते, हे आम्हांला आजतागायत ठाऊक नाही. विद्यार्थी मात्र थोडे हसले, आणि खरे सांगायचे तर मनातल्या मनात आम्हीही.

आम्ही ज्या जागी निघालो होतो तेथे २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील यांनी देह ठेवला. कोतवाल माथेरानचे, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. जन्म १ डिसेंबर १९१२ चा, म्हणजे मृत्यूसमयी वय अवघे तीस. शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठीचा प्रयोग केला, शाळा काढल्या. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत होऊन त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला आणि मुंबईकडे वीज वाहून नेणारे मनोरे पाडण्याचे सत्र आरंभले. त्या विजेवर गिरण्या चालत आणि आगगाड्याही, हे लक्षात घेतले म्हणजे सरकार किती अस्वस्थ झाले असेल याची कल्पना येते. कोतवालांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. हॉल या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने सिद्धगडाच्या रानातील मुक्काम गाठला तो फितुरीमुळे, असे या भागात पिढ्यानुपिढ्या सांगितले जाते. दरवर्षी २ जानेवारीला लोक तेथे जमतात.

आता प्रश्न असा की, त्या पहाटे रानातल्या या मंडळींना चाहूल लागली नव्हती काय? हौतात्म्याच्या कथा सांगणाऱ्या आपल्या परंपरेला हा प्रश्न मोकळा ठेवणे जमत नाही. नायकाला आधी स्वप्न पडते, टिटवी ओरडते, डावा-उजवा डोळा लवतो, शंकेची पाल चुकचुकते. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या भेटीपूर्वी श्रीभवानी दर्शन देते. पुढे १६५९ च्या त्या भेटीत अंगरख्याखालचे चिलखत कामी येते. मनात आलेला संशय देवतेच्या मुखाने वदवला की त्याला अधिकार प्राप्त होतो, आणि बखरकाराला तो लिहिता येतो. हा कथनाचा धर्म आहे आणि त्यात खोटेपणा शोधण्याचे कारण नाही. पण इतिहास वाचणाऱ्याने एवढे जाणले पाहिजे की, अशा चाहुली बहुधा घटनेनंतर लागलेल्या असतात. चुकलेल्या शंका कोणी लक्षात ठेवत नाही. दहा वेळा टिटवी ओरडून काही झाले नाही, त्या दहा रात्री कथेतून गळून पडतात.

येथवर आमचा युक्तिवाद संशयवाद्याचा आहे, आणि तो करताना आम्हांला बरे वाटत होते. अडचण पुढे आहे. आझाद दस्ता काही महिने पोलिसांच्या हाती लागला नाही. या काळातल्या कितीतरी रात्री कोणीतरी ‘आज इथे नको’ म्हटले असेल, मुक्काम हलला असेल, आणि काहीच घडले नसेल. टळलेल्या संकटाचा पंचनामा होत नाही. जिथे छापा पडला, गोळी सुटली, प्रेत सापडले, तेथेच दप्तर उघडते. म्हणजे ज्या चाहुली फुकट गेल्या त्या कथेतून गळतात, आणि ज्या अचूक ठरल्या त्या कागदावर चढतच नाहीत. दप्तर हे मूलतः कानोशाचे साधन आहे: खबऱ्याने घेतलेला, अधिकाऱ्याने टिपलेला, वरिष्ठांकडे पाठवलेला कानोसा. चाहुलीला त्यात रकाना नाही. ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या रानातल्या शहाणपणाविषयी आपले इतिहासग्रंथ इतके गप्प का, याचे एक कारण आम्हांला येथे सापडते.

हे शहाणपण म्हणजे काही सहावे इंद्रिय नव्हे. भेकराचे भुंकणे, वानराचा ‘खाक्’ असा खोकल्यासारखा आवाज, शेकरूचा एकाएकी सुरू झालेला कल्ला, किंवा रातकिडे अचानक थांबणे, यांची बेरीज कान करतो आणि उत्तर तेवढे मनाला कळवतो. रीत सांगत नाही. जिम कॉर्बेटने ‘जंगल लोअर’ (१९५३) या पुस्तकात असा स्वतःचा अनुभव नोंदवला आहे: चालता चालता नकळत रस्त्याची कड बदलली, आणि नंतर पाहतो तो सोडलेल्या कडेला वाघाच्या खुणा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अग्निशामक दलातील एका अधिकाऱ्याची हकिकत सांगितली आहे. स्वयंपाकघरातली साधी आग पाणी मारूनही हटेना, खोली आगीच्या मानाने फार तापलेली, आणि आवाज मात्र फार थोडा. अधिकाऱ्याने माणसे बाहेर काढली आणि खोलीची जमीन खाली गेली. आग तळघरात होती. त्याला स्वतःला ही दैवी शक्ती वाटत होती. २००९ साली क्लाइन आणि डॅनिअल कानेमान या परस्परविरोधी मतांच्या दोघांनी मिळून लेख लिहिला, त्यात दोन अटी सांगितल्या: भोवतालच्या जगात पुरेशी नियमितता हवी, आणि ती शिकायला दीर्घ सराव हवा, चुकले तर चुकले असे कळायला हवे. दोन्ही अटी रानात पुरेपूर पाळल्या जातात. बिबट्या फितूर होत नाही.

माणूस होतो. म्हणून रानात पिकलेली चाहूल माणसांच्या कारस्थानापुढे अपुरी पडते, आणि कधी कधी तीच गळफास होते. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या तलासरीच्या परिसरात, १९४५ साली वारल्यांचा लढा उभा राहिला. त्याची सुरुवात या बाजूलाच झाली, असेही म्हणता येईल. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि तेथे थोडे वारली येऊन गेले. मे महिन्यात झरीची सभा झाली, वेठीविरुद्ध लोक उभे राहिले, आणि पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप सुरू झाला. मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. १० ऑक्टोबरला गावोगाव निरोप फिरला: तलवाड्याला गोदूताई परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन या. निरोप जमीनदारांच्या गोटातला होता. तिकडे पोलिसांना कळवण्यात आले की सशस्त्र जमाव चालून येत आहे. हजारो वारली धावले. गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड याच्यासह पाच जण ठार झाले. स्वतः गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये या लढ्याची कथा सांगितली आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आपण अभ्यासक्रमात बहुधा आत्मकथनाच्या खात्यात टाकून मोकळे होतो, ही आमची जुनी तक्रार. असो.

त्या रात्री धावलेल्यांना भोळे म्हणण्याची घाई करू नये. त्यांची भीती निराधार नव्हती. जमीनदार काय करू शकतो हे त्यांच्या पाठीला ठाऊक होते. सारे खोटेपण निरोपात होते, आणि निरोपाची पारख करायला लागणारा सराव त्यांना कोणी करूच दिला नव्हता. संशय घ्यायला वेळ लागतो, चार ठिकाणी विचारावे लागते. जीव वाचवायला निघालेल्या माणसाजवळ तो वेळ नसतो, हे निरोप धाडणाऱ्यांनी नेमके हेरले होते.

शहापूर तालुक्यातील सरळांबे गावच्या हद्दीत १ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस जण मृत्युमुखी पडले. बातमी आली तेव्हा आम्हांला सिद्धगडच्या वाटेवरचे बाबा आठवले. उंच लोखंडावर रात्रपाळी करणाऱ्या माणसालाही सरावाने काही ऐकू येत असणार: एखादी कुरकुर, एखादा नेहमीचा नसलेला हादरा. तेथे कोणाला काही वाटले होते की नाही, याविषयी आम्ही अंदाज बांधणार नाही. आम्हांला कुतूहल आहे ते वाक्याचे. ‘बरं वाटत नाय’ एवढ्या कारणावर काम थांबवता येईल, असा रकाना हजेरीपुस्तकात कोठे असतो काय? आमच्या बाबांना तो अधिकार होता, कारण वाट त्यांची होती आणि आम्ही पाहुणे होतो.

परतताना आम्ही त्याच ओढ्यापाशी आलो. उन्हे कलली होती. एका विद्यार्थिनीने बाबांना विचारले, “आता जायचं का इथनं?” ते काही बोलले नाहीत. थोडे पुढे झाले, तोंड किंचित वर करून उभे राहिले. आम्हीही कान दिला. आम्हांला पाण्याचा आवाज तेवढा आला. मग ते खांद्यावरचे फडके सारखे करून ओढ्यात उतरले, आणि आम्ही त्यांच्या मागोमाग.