गोदौलिया चौक

उत्तर प्रदेशातील वाराणसी शहराच्या जुन्या वस्तीमधील प्रमुख चौक. तो दशाश्वमेध घाटाच्या पश्चिमेस सु. अर्धा किमी. अंतरावर आहे. येथून पूर्वेकडचा रस्ता घाटाकडे उतरतो. उत्तरेचा रस्ता बांसफाटक, ज्ञानवापी व चौक या भागांतून मैदागिनकडे, दक्षिणेचा जंगमबाडी व मदनपुरामार्गे अस्सीकडे, तर पश्चिमेचा गिरजाघर चौराह्याकडे जातो.

नाव : गोदौलिया हे नाव ‘गोदावरी’वरून आले, असे परंपरा मानते. भारतातील सर्व तीर्थे काशीत वास करतात, या श्रद्धेनुसार येथील एका ओढ्याला गोदावरीचे नाव होते. पावसाळ्यात बेनिया तलावाचे वाढलेले पाणी या ओढ्यातून वाहत येई आणि दशाश्वमेधाजवळ गंगेला मिळे. नाशिक-पैठणची गोदा काशीत गंगेला भेटते, ही कल्पनाच मराठी यात्रेकरूला जवळची वाटणारी आहे.

इतिहास : जुने बनारस तलाव, कुंडे आणि ओढे यांचे शहर होते. बनारसचा कारभार १७९४ पासून पूर्णपणे ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप १८२० मध्ये येथे आला व १८३० पर्यंत राहिला. त्याने शहराचा नकाशा तयार केला, खानेसुमारी केली आणि साचलेले पाणी गंगेत सोडण्यासाठी भुयारी गटार बांधले. त्यामुळे मंदाकिनी तलाव आटून आजचा मैदागिन परिसर तयार झाला. बेनिया तलावाची बेनियाबाग झाली. एकोणिसाव्या शतकातील याच बदलांत गोदावरीचा ओढाही बुजला आणि त्याच्या वाटेवरून घाटाकडे जाणारा रुंद रस्ता आला. गल्ल्यांच्या शहरात गाडी जाईल असा रस्ता गंगेच्या इतक्या जवळ पोचला, म्हणून वर्दळ येथे एकवटली. १८८७ मध्ये राजघाटचा रेल्वेपूल (आजचा मालवीय पूल) सुरू झाल्यावर यात्रेकरूंची संख्या वाढली. स्टेशनावरून तांग्याने गोदौलियास उतरायचे आणि पुढे पायी घाटावर जायचे, हा क्रम पडला. ‘तांगा स्टँड’ हे नाव येथे अजून टिकून आहे.

मराठी संबंध : चौकातून ज्या दोन स्थळांकडे लोक जातात, त्यांना मराठ्यांचा हात लागलेला आहे. दशाश्वमेध घाट अठराव्या शतकात पेशव्यांच्या काळात बांधला गेला व अहिल्याबाई होळकर यांनी तो पुढे वाढवला. विश्वनाथाचे आजचे मंदिरही अहिल्याबाईंनीच उभारले (१७८०).

सद्यःस्थिती : चौकात खांबावर दगडी नंदी बसवलेला आहे. भोवती बनारसी साड्या, पितळी भांडी, पान आणि थंडाईची दुकाने आहेत. दुकानदार केशर-बदामाची थंडाई मातीच्या कुल्हडात ओतून देतो आणि ती घोटभर पिऊन यात्रेकरू गर्दीत शिरतो. श्रावणातील सोमवारी कावडवाल्यांच्या रांगा येथवर येतात. संध्याकाळी गंगा-आरतीसाठी जाणाऱ्या गर्दीमुळे घाटाकडचा रस्ता वाहनांना बंद ठेवतात. जुलै २०२१ मध्ये येथे बहुमजली वाहनतळ सुरू झाला, त्याच वर्षी १३ डिसेंबरला विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले, आणि मार्च २०२३ मध्ये कँट स्थानक ते गोदौलिया या रोपवेची कोनशिला बसली.

जोराचा पाऊस झाला की चौकात आजही पाणी तुंबते. ओढा बुजवला तरी जमिनीचा उतार बदललेला नाही. म्हणून या चौकाचा इतिहास हा रस्त्याइतकाच पाण्याचाही आहे, आणि येथे नवे काही उभारताना गोदावरीच्या त्या जुन्या वाटेची नोंद घेतली गेली पाहिजे.