पोतदाराची पारख

मराठेशाहीतील महसुलाची चर्चा करताना आपण पाटील-कुलकर्ण्यांपाशी थांबतो. रयतेने भरलेला पैसा खरा की खोटा, हे पाहणारा पोतदार मात्र बाजूला राहतो. इंदापूर परगण्यातील आमच्या वरकुट्यासारख्या खेड्यांतून हे काम सहसा सोनार करी. अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हांचे रुपये तेव्हा चालत. प्रत्येकाचा कस निराळा, म्हणून बट्टाही निराळा. शंका आली की सराफ नाण्यावर बारीक ठसा मारून आतल्या धातूची खात्री करी. तो ठसा म्हणजे पारख झाल्याची खूण.

आज असा ठसा असलेला रुपया संग्राहकांच्या बाजारात कमी किमतीला जातो. विश्वासाची खूण डाग ठरली. मला या उलटापालटीत जुन्या वस्तूंच्या व्यापाराचे सगळे दुखणे दिसते: वस्तूचे मोल वाढले, पण तिच्या खरेपणाला जबाबदार असणारा माणूस गेला.

कायदा आहे, पण त्याचा रोख वेगळा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरील गुप्तधनाची वर्दी कलेक्टरला देणे सक्तीचे केले. १९७२ चा पुरावशेष कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि मोलाचे हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, पुरावशेष ठरते. विक्रेत्याला परवाना व नोंदवह्या आवश्यक. खासगी निर्यातीला बंदी. हे सारे वारसा देशाबाहेर जाऊ नये म्हणून. गिऱ्हाइकाला खोटी वस्तू मिळू नये, हा त्याचा मुख्य हेतू नाही.

शिवराईचेच पाहा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. ही तांब्याची नाणी शिवकाळानंतरही दीर्घकाळ पाडली गेली. ‘शिव’चे ‘सिव’, ‘सीव’ असे पाठभेद अस्सल नाण्यांवरही आढळतात. तेव्हा केवळ अक्षरावरून निवाडा होत नाही. अस्सल नाणे ठशाने पाडलेले असते. साच्यात ओतलेल्या नकलेवर कडेची सांधरेषा, पृष्ठावरची बारीक छिद्रे आणि अक्षरांचा बोथटपणा शोधावा लागतो. उत्तरकालीन शिवराई खुद्द शिवाजी महाराजांच्या काळातील म्हणून विकली, तर नाणे खरे असूनही व्यवहार खोटाच.

इथे गिऱ्हाइकाच्या हाती उरते ते बिल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खोटे वर्णन करणे आणि बिल न देणे, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत; दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मात्र बिलावर नुसते ‘जुने नाणे’ असेल तर ते फारसे कामाचे नाही. काळ, धातू, वजन, पूर्वीचा मालक आणि ‘नकली निघाल्यास पैसे परत’ हे शब्द त्यावर हवेत.

सोन्याच्या दागिन्यांना १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. म्हणजे पोतदाराची पारख सोन्याच्या पेठेत परतली. जुन्या नाण्यांच्या पेठेत ती अजून यायची आहे. तोवर विक्रेत्याची सही हाच ठसा.