रुमालाखालचा भाव

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजार आवारात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. लिलाव पुकारणाऱ्याबरोबर व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो. कुणी वरचे दोन कांदे दाबून बघतो, क्विंटलमागचा आकडा मोठ्याने चढत जातो आणि भाव ठरला की घोळका पुढे सरकतो.

एकेकाळी अनेक बाजारांत भाव असा कानावर पडत नसे. तिथे हत्ता पद्धत चाले. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटं दाबत नि आकडा ठरवत. माल शेतकऱ्याचा, पण रुमालाखाली हात मात्र दुसऱ्यांचेच. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने त्यासाठी कायदा केला आणि १९४७ मध्ये लासलगावला बाजार समिती आली.

कांदा तोच, माणसंही तीच. पण कुणाला काय दिसतं, काय ऐकू येतं हे बदललं की बोली लावण्याची रीतही बदलते. लिलावाचं हे गणित अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि १९९६ मध्ये ते नोबेलचे मानकरी ठरले. समोरचा काय करेल याचा अंदाज घेऊन आपली चाल ठरवण्याचं हे शास्त्र म्हणजे गेम थिअरी.

सामान्य वाचकाला ते सोपं करून सांगणाऱ्यांत अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित आघाडीवर. त्यांचा जन्म मुंबईत १९४४ चा. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांचा या शास्त्राचा पायाभूत ग्रंथही त्याच वर्षीचा. सेंट झेवियर्समध्ये गणित आणि भौतिकशास्त्र, मग केंब्रिज, १९६८ मध्ये एमआयटीची डॉक्टरेट. बर्कली, ऑक्सफर्ड, वॉरिक असा प्रवास करत ते १९८१ मध्ये प्रिन्स्टनला पोहोचले. बॅरी नेलबफ यांच्यासोबतचं ‘थिंकिंग स्ट्रॅटेजिकली’ १९९१ मध्ये आलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

नाशिकच्या कांदा बाजाराला जवळचं वाटावं असं त्यांचं पुस्तक मात्र २००४ चं, ‘लॉलेसनेस अँड इकॉनॉमिक्स’. कोर्टकचेरीचा आधार जिथे तोकडा पडतो, तिथे व्यवहार कशाच्या जोरावर टिकतो? पत, पुन्हापुन्हा पडणारी गाठ आणि व्यापारी समाजाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त, यांची कामगिरी दीक्षित तिथे तपासतात.

कांदा बाजारातही व्यवहार असा कसोटीला लागतो. लिलावानंतर मालावरून होणाऱ्या भांडणाला तिथे नाव आहे, वांधा. लिलावात वरचा माल बघून बोली लागते. व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना तळातून गोल्टी म्हणजे बारीक कांदा, नाहीतर ओला कांदा निघतो. व्यापारी भाव कमी करायला बघतो, शेतकरी पुकारलेल्या आकड्यावर अडून राहतो. खटल्याच्या तारखेपर्यंत कांदा काही थांबत नाही, म्हणून वाद बाजार समितीपुढे जातो. शेतकऱ्याला पुढची ट्रॉली इथेच आणायची असते, व्यापाऱ्याला उद्याच्या लिलावात उभं राहायचं असतं. दोघेही हे ओळखून घासाघीस करतात आणि तोवर ट्रॉली खळ्यावर अर्धी रिकामी उभी असते.